रात्रीच्या पाण्यासाठी विजेरी: कॉन्व्हॉय एस२ प्लस आणि उजेड-वेळेचा हिशेब

विजेरीच्या खोक्यावर लुमेनचा, म्हणजे एकूण उजेडाच्या मापाचा, आकडा बोटभर उंचीच्या अक्षरांत छापलेला असतो आणि ती किती तास चालेल हे कुठेतरी खालच्या कोपऱ्यात असते. पुष्कळदा ते नसतेच. रात्री गोठ्यापर्यंत जाऊन यायचे असेल तर याने काही बिघडत नाही. परंतु महावितरणच्या चक्राकार वेळापत्रकात कृषिपंपांना काही दिवस दिवसा ८ तास आणि काही दिवस रात्री १० तास वीज देण्याची पद्धत वर्षानुवर्षे चालत आली आहे, आणि ज्याच्या वाट्याला रात्रीचा पुरवठा येतो त्याला पुरे १० तास शेतात उजेड लागतो. सौर वाहिन्यांमुळे काही भागांत आता दिवसा वीज मिळू लागली आहे, तरी वाळवा तालुक्यातल्या आमच्या तात्यांची रात्रपाळी अजून सुटलेली नाही. त्यांच्यासाठी विजेरी घ्यायची ठरली तेव्हा त्यांनी एकच अट घातली होती: "उजेड किती पडतोय ते मागनं सांग, पहाटंपतूर टिकंल का ते आधी सांग." पुढचे सगळे परीक्षण याच अटीवर केलेले आहे.

गेल्या रब्बीपासून वापरात असलेली विजेरी म्हणजे कॉन्व्हॉय एस२ प्लस. ही चिनी बनावटीची, ॲल्युमिनियमच्या नळीची, साधारण १२ सेंटिमीटर लांबीची विजेरी आहे. ती १८६५० या आकाराच्या एका लिथियम-आयन सेलवर चालते. १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी, असा त्या आकड्याचा सरळ अर्थ आहे. तिच्या अनेक आवृत्त्या निरनिराळ्या एलईडी आणि निरनिराळे परिपथ घालून विकल्या जातात, त्यामुळे नुसते नाव पाहून मागवणे योग्य नाही. आमच्याकडे आहे ती प्रवाहावर मर्यादा ठेवणाऱ्या ७१३५ जातीच्या आठ चिप असलेली, म्हणजे जास्तीत जास्त २.८ अँपिअर प्रवाह सोडणारी आणि क्री कंपनीचा एक्सएम-एल२ एलईडी बसवलेली. अलीएक्स्प्रेस २०२० च्या नोव्हेंबरपासून भारतात बंद असल्यामुळे ती दुबईहून येणाऱ्या मावसभावाकडून मागवावी लागली. ज्यांना याच वाटेने मागवायची असेल त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की सुटे लिथियम सेल विमानात सोबतच्या पिशवीतच न्यावे लागतात, सामानात टाकता येत नाहीत.

या विजेरीची निवड करण्याचे खरे कारण असे की तिचा हिशेब घरबसल्या मांडता येतो. ७१३५ चिपचा परिपथ अगदी साधा असतो. एलईडीतून जितका प्रवाह जातो तितकाच सेलमधून येतो आणि वरचा थोडासा व्होल्ट उष्णतेत जातो. म्हणून सेलची मिलिअँपिअर-तासांतली क्षमता घ्यावी, उजेडाच्या पायरीला लागणाऱ्या सरासरी मिलिअँपिअरने भागावी, की तास हातात येतात. विजेरीला ०.१, १, १०, ३५ आणि १०० टक्के अशा पायऱ्या आहेत. ३४०० मिलिअँपिअर-तासांचा चांगला सेल धरला तर १०० टक्क्यांवर, म्हणजे २८०० मिलिअँपिअरला, सव्वा तास मिळतो. ३५ टक्क्यांवर साडेतीन तासांच्या आत-बाहेर, आणि १० टक्क्यांवर, म्हणजे २८० मिलिअँपिअरला, बारा तास मिळतात. एक टक्क्याचे उत्तर कागदावर पाच दिवस येते. प्रत्यक्षात ते कमी भरते, कारण त्या पायरीवर परिपथाचा स्वतःचा खर्चही डोळ्यांत भरण्याइतका होतो.

आता याच्या शेजारी उजेड मांडू. पूर्ण जोरावर ही विजेरी आठशे ते नऊशे लुमेनच्या घरात असते, तेव्हा १० टक्के म्हणजे ऐंशी-नव्वद लुमेन. खोक्यांवर दहा-दहा हजार लुमेन वाचून सरावलेल्या माणसाला हा आकडा केविलवाणा वाटेल. परंतु उसाच्या सरीत पाणी वळवताना बघायचे काय असते? पायाखालचा बांध, पुढची चार-पाच पावले, पाटाचे दार आणि पाणी कुठपर्यंत पोचले ती जागा. एवढ्याला ऐंशी लुमेन पुरून उरतात. मोटरच्या पेटीवरचा व्होल्टमीटर वाचायला किंवा दाराला गोणपाट लावायला तर एक टक्क्याची पायरीच बरी, कारण त्याहून जास्त उजेड काचेवरून उलटा डोळ्यांत येतो.

हा आकडा पुरतो याला डोळ्याच्या घडणीचेही कारण आहे. डोळ्याला उजेड दुप्पट वाटावा यासाठी प्रत्यक्षात तो साधारण चौपट करावा लागतो. म्हणूनच १०० टक्क्यांवरून ३५ वर आल्यावर उजेड एक-तृतीयांश झाला असे कोणालाही वाटत नाही. थोडा उतरला एवढेच वाटते, आणि त्या "थोड्या"च्या बदल्यात वेळ जवळजवळ तिप्पट होतो. लांबच्या पल्ल्याचेही असेच आहे. झोत दुप्पट अंतरावर तितकाच लख्ख पडायला हवा असेल तर त्याची तीव्रता चौपट लागते. याउलट वेळेचा हिशेब सरळ एकास एक चालतो, म्हणजे प्रवाह निम्मा केला की वेळ निदान दुप्पट होतो. मोजावे लागते सगळे आणि दिसते थोडेच, असा हा वरच्या पायऱ्यांचा व्यवहार आहे. शिवाय अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात आणि एका प्रखर झोताने ती कमाई क्षणात जाते. पाण्यावरून किंवा ओल्या पातीवरून परतलेला पूर्ण जोराचा उजेड एकदा डोळ्यांवर आला की झोताबाहेरचे सगळे शेत काळेकुट्ट होते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे नदीकाठी धुके उतरते तेव्हा तर मोठा उजेड म्हणजे समोर उभा राहिलेला पांढरा पडदा. १० टक्क्यांवर मात्र बांध दिसत राहतो.

ज्यांना दुसरी एखादी विजेरी घ्यायची आहे त्यांनी खोक्यावरचे आकडे कसे मोजलेले असतात हे समजून घेतले पाहिजे. नामवंत कंपन्या एफएल१ नावाच्या प्रमाणानुसार आकडे देतात; ते पहिल्यांदा २००९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. त्यात उजेड मोजतात तो विजेरी लावल्यापासून तीस सेकंदांनी, आणि चालण्याचा वेळ मोजतात तो उजेड त्या आकड्याच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणजे "१००० लुमेन, ३ तास" असे लिहिलेली विजेरी पाच मिनिटे हजार लुमेन देऊन पुढे तीनशेवर उतरली आणि तशीच पावणेतीन तास चालली, तरी त्या लिखाणात खोटे काही नाही. कमी-अधिक असेच घडते, कारण हजार लुमेनला दहा वॉटच्या आसपास शक्ती लागते, तिच्यातला बराच भाग उष्णता होतो आणि मुठीत मावणाऱ्या नळीला ती उष्णता बाहेर टाकता येत नाही. म्हणून बहुतेक आधुनिक विजेऱ्या स्वतःहून उजेड उतरवतात. झोताच्या अंतराचा आकडाही असाच जपून वाचावा. ज्या अंतरावर पाव लक्स, म्हणजे स्वच्छ पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड पडतो, ते अंतर तिथे छापलेले असते. चांदण्यात माणूस उभा आहे हे कळते, पण कोण आहे ते कळत नाही. मी स्वतः छापील अंतराच्या निम्म्यावरच भरवसा ठेवतो.

म्हणून दुकानात विचारायचा प्रश्न "किती लुमेन?" हा नसून "दहा तास चालेल अशा पायरीवर किती लुमेन?" हा आहे. ज्या विजेरीच्या कागदावर प्रत्येक पायरीचे लुमेन आणि तास वेगवेगळे दिलेले नाहीत, ती रात्रपाळीसाठी घेऊ नये.

प्रत्यक्ष शेतात एस२ प्लस कशी वागते ते आता सांगतो. तात्या एका हाताने खोरे चालवतात तेव्हा विजेरी काखेत धरतात आणि दार फोडायला दोन्ही हात लागले की ती कमरेच्या पंचात खोचतात; बारीक अंगकाठीमुळे दोन्ही गोष्टी जमतात. बटण शेपटीला आहे आणि ते ओल्या, चिखलाच्या अंगठ्यानेही दाबले जाते. विजेरीत पायऱ्यांचे ठरावीक गट दिलेले असतात; त्यांतला लुकलुकणाऱ्या पायऱ्या नसलेला गट निवडला आणि शेवटची पायरी लक्षात ठेवण्याची सोय चालू केली, की बटण दाबताच १० टक्क्यांचाच उजेड येतो. ही गोष्ट किरकोळ वाटेल, पण अंधारात पायाजवळ काही सळसळले असताना लुकलुकणारा दिवा ओलांडून हव्या त्या उजेडाकडे जावे लागणे हा मनस्ताप ज्याने भोगला आहे त्याला तिचे मोल कळेल. शेपटीचे झाकण पाव फेरा सैल केले की मंडल तुटते आणि पिशवीत विजेरी चुकून लागत नाही.

१० टक्क्यांवर ती संध्याकाळी लावून जवळजवळ सतत चालू ठेवली तरी पहाटेपर्यंत पुरते. शेवटच्या तास-दीड तासात मात्र उजेड हळूहळू उतरू लागतो. काही जण याला दोष म्हणतात, कारण चांगल्या प्रतीच्या नियंत्रित विजेऱ्या शेवटपर्यंत एकसारखा उजेड देतात. मला शेतासाठी हे उतरणेच सोयीचे वाटते. एकसारखा उजेड देणाऱ्या विजेरीचा सेल संपत आला की ती थोड्या अवकाशात एकदम खाली येते, आणि त्या वेळी माणूस शेताच्या दुसऱ्या टोकाला असू शकतो. इथे डोळ्यांना आधीच कळते की आता दुसरा सेल घालायला हवा. सेलचा व्होल्ट तीनच्या आसपास आला की विजेरी स्वतःच उजेड तोडत नेते, त्यामुळे सेल मुळापासून रिकामा होऊन खराब होत नाही.

उजेडाच्या रंगाविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. निळसर पांढरा उजेड देणारे एलईडी त्याच विजेत किंचित जास्त लुमेन देतात, म्हणून आकड्यांच्या शर्यतीतल्या विजेऱ्यांत तेच घातलेले असतात. परंतु तोडणीनंतर सरीत पसरलेल्या पाचटावर निळसर झोत मारला तर सगळे एकाच राखी रंगाचे दिसते. घोणस बसलेली असते ती त्याच पाचटाच्या रंगाच्या अंगावर गडद तपकिरी ठिपके घेऊन, आणि तपकिरी रंगच या उजेडात सर्वांत आधी मरतो. आम्ही मुद्दाम किंचित पिवळसर पांढऱ्या उजेडाची आवृत्ती घेतली. त्यात थोडे लुमेन गेले असतील, पण वाळकी पात आणि वाळक्या पातीच्या रंगाचे काही यांतला फरक दिसू लागला. त्याच कारणाने विजेरी गुडघ्याच्या उंचीवर धरून पुढे झोत टाकणे चांगले. आडव्या उजेडात ढेकळाची, दोरीची, सापाची सावली लांब पडते. कपाळावरच्या दिव्याचा उजेड डोळ्यांच्याच रेषेतून जातो, त्यामुळे सावल्या वस्तूमागे लपतात आणि जमीन सपाट भासते. दोन्ही हात मोकळे राहतात हा कपाळावरच्या दिव्याचा मोठा गुण आहे आणि दार बांधताना तो मला हवासा वाटतो. पण चालताना हातातच विजेरी असावी. शिवाय कपाळावर उजेड असला की पाण्यावरचे सगळे किडे तोंडावर येतात.

तात्यांकडे आधी होती ती तालुक्याच्या बाजारात मिळणारी, खांद्याला पट्ट्याने अडकवायची, ४ व्होल्टची शिसे-आम्लाची चार्जिंगची विजेरी. तिला उगीच नावे ठेवणार नाही. एलईडीभोवतीच्या मोठ्या चकचकीत वाटीमुळे तिचा झोत लांब जातो, भिंतीतल्या प्लगला थेट लावता येते आणि आतली बॅटरी बदलून देणारा माणूस गावातच भेटतो. तिचे दुखणे वेगळे आहे. तिला उजेड कमी करून वेळ वाढवण्याची सोयच नसते. ती सुरुवातीला लख्ख असते, मग तासातासाने पिवळी पडत जाते, आणि मध्यरात्रीनंतर नेमका कंटाळा आणि झोप येते तेव्हा तिचा उजेड सर्वांत कमी झालेला असतो. उन्हाळ्यात दोन-तीन महिने अर्धवट रिकामी पडून राहिली की पत्र्यांवर सल्फेट धरते आणि पुढच्या हंगामात ती निम्मी रात्रही काढत नाही.

भिंग पुढे-मागे सरकवून झोत लहान-मोठा करण्याची एक विजेरीही घरात आहे. तिचे नाव लिहीत नाही, कारण त्याच साच्यातली विजेरी शंभर नावांनी विकली जाते. तिच्यावर दहा हजार लुमेन लिहिलेले आहे आणि सोबत आलेल्या सेलवर ९९०० मिलिअँपिअर-तास. १८६५० आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता साडेतीन हजारांच्या आसपास असते, तेव्हा ९९०० हा आकडा वाचूनच पुढचे सगळे आकडे कोणत्या लायकीचे आहेत ते समजावे. सेल पूर्ण भरला तरी त्यात सुमारे बारा वॉट-तास मावतात. दहा हजार लुमेनला जी शंभर वॉटची शक्ती लागेल ती त्यातून सात-आठ मिनिटेसुद्धा निघणार नाही. भिंग पुढे ओढले की समोर एलईडीच्या चौकोनाचे चित्र पडते, कडेचा सगळा उजेड नळीत अडकतो आणि पायाजवळ काळोख राहतो. अंगणात मुलांना खेळायला ती ठीक आहे.

आता एस२ प्लसच्या उणिवा. तिला स्वतःचे चार्जिंग नाही, म्हणून वेगळा चार्जर घ्यावा लागतो आणि घरातल्या प्रत्येकाला सेल कसा घालायचा ते शिकवावे लागते. यूएसबी-सी तोंड असलेल्या विजेऱ्या आता सर्रास मिळतात आणि ज्या घरात चार्जरचे झंझट नको असेल त्यांनी तसलीच घ्यावी. मात्र त्या तोंडावरचे रबरी झाकण चिखलात काम करणाऱ्याच्या हाती किती दिवस नीट बसेल याचाही विचार करावा. दुसरे असे की ७१३५ चा परिपथ उजेड कमी करतो तो पूर्ण प्रवाह अतिवेगाने चालू-बंद करून. एलईडी कमी प्रवाहावर जास्त किफायतीने चालतो, आणि जे परिपथ प्रवाहच खरोखर कमी करतात त्यांना हा फायदा मिळतो. या विजेरीला तो मिळत नाही. त्याच सेलवर, त्याच ऐंशी लुमेनला, चांगल्या परिपथाची विजेरी बारा तासांहून बरीच जास्त चालेल. किंमत जास्त मोजायची तयारी असेल तर पैसे लुमेनमध्ये न घालता अशा परिपथात आणि २१७०० आकाराच्या मोठ्या सेलमध्ये घालावेत. त्यात ५००० मिलिअँपिअर-तास, म्हणजे १८ वॉट-तास मावतात आणि दीडशे लुमेनवर सबंध रात्र निघू शकते. तिसरी उणीव उष्णतेची आहे. सतत १०० टक्क्यांवर ठेवली तर नळी काही मिनिटांत हाताला सोसवेनाशी होते. ती पायरी रानडुकराचा आवाज आला तर तेवढ्यापुरती मारून बघायची आहे, चालण्यासाठी नाही. आणि ज्यांना शेताच्या पलीकडच्या टोकावरची डुकरे रोज हाकलायची असतात त्यांचे या लहान वाटीने भागणार नाही. त्यांनी खुशाल मोठ्या वाटीची, लांब झोताची विजेरी वेगळी ठेवावी. एकाच विजेरीकडून दोन्ही कामे करून घ्यायला गेले की वेळ तरी जातो किंवा झोत तरी.

सेलच्या खरेदीत विजेरीच्या खरेदीहून जास्त काळजी घ्यावी. जुन्या लॅपटॉपमधले सेल काढून त्यांवर नवे वेष्टण चढवून विकणारे पुष्कळ आहेत. चांगल्या १८६५० सेलचे वजन साधारण ४५ ग्रॅम किंवा त्याहून थोडे अधिक भरते. पस्तीस ग्रॅमचा सेल हातात आला तर तो वजनकाट्यावरूनच परत करावा. चार्जर ४.२ व्होल्टला आपोआप थांबणारा हवा, वेष्टण फाटलेला सेल वापरू नये आणि सुटा सेल किल्ल्या-नाण्यांसोबत खिशात कधीही ठेवू नये. विजेरी, दोन सेल आणि चार्जर मिळून आम्हाला दोन-सव्वादोन हजार रुपये पडले. पैकी दुसऱ्या सेलची गरज रात्रीत क्वचितच लागते. तो तात्या मोटरच्या पेटीजवळ झाकणाच्या प्लास्टिकच्या डबीत ठेवतात आणि आठवड्याची दिवसपाळी सुरू झाली की दोन्ही सेल अर्धे भरून कपाटात ठेवतात, कारण पूर्ण भरून उष्णतेत पडून राहिलेला लिथियम सेल लवकर म्हातारा होतो.